वाडा, आत्मवृत्त आणि न नोंदलेली साक्ष : रँडवधाच्या स्मृतिसाधनांची चिकित्सा

चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या परिसरातच चापेकर वाडा आहे. महाराष्ट्रातील स्मारकांमध्ये त्याची जात वेगळी आहे. राजकीय हत्येची स्मारके सामान्यतः मारल्या गेलेल्या व्यक्तीची असतात. हे स्मारक मारणाऱ्यांचे आहे, आणि मारणारे पुढे फासावर गेल्यामुळे हुतात्मेही तेच ठरले आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या निवासस्थानातून परतणारा प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड याच्यावर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. पाठोपाठच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी गेले. त्यानंतर १८९९ च्या मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० ला महादेव रानडे आणि १२ ला बाळकृष्ण, असे तिघे पाच दिवसांच्या आत फासावर चढले. एका घरातील तीन सख्खे भाऊ तेरा महिन्यांत गेले. चापेकर स्मारकाच्या भावनिक सामर्थ्याचे मूळ या हिशोबात आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न भावनेचा नसून साधनांचा आहे. ही स्मृती कोणत्या वस्तूंवर, कोणत्या कागदांवर आणि कोणत्या ध्वनिचित्रांवर उभी आहे, ती साधने कोणी जपली, आणि त्यांत कोणाचा आवाज आला नाही, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

वस्तूंचे दारिद्र्य

राजकीय हत्येचे संग्रहालय म्हटले की प्रेक्षकाची नजर प्रथम वस्तू शोधते. दिल्लीत राजघाटाजवळच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात गांधीजींची रक्ताने माखलेली वस्त्रे आणि त्यांच्या देहात शिरलेल्या गोळ्यांपैकी एक जपून ठेवली आहे. बिर्ला भवनात, म्हणजे आजच्या गांधी स्मृतीत, प्रार्थनेच्या जागेकडे गेलेली शेवटची पावले घडवून ठेवली आहेत. सफदरजंग मार्गावरील इंदिरा गांधी स्मारकात त्यांची शेवटची साडी आहे. या वस्तूंना भाष्याची गरज पडत नाही. त्यांच्यापुढे उभा राहणारा माणूस क्षणभर गप्प होतो आणि संग्रहालयाचे निम्मे काम तिथेच होते. शिवाय गांधीहत्येला आवाजाचीही साथ आहे. प्रार्थनासभांतील त्यांच्या प्रवचनांची आकाशवाणीने केलेली मुद्रणे, ३० जानेवारी १९४८ च्या रात्रीचे नेहरूंचे भाषण, दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेचे मेलव्हिल डी मेलो यांनी केलेले धावते वर्णन, हे सारे आजही ऐकता येते.

चिंचवडला असे काही नाही. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा असला तरी हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रिकांचे युग १९०२ मध्ये सुरू झाले. दामोदर चापेकरांचा आवाज कोणी मुद्रित केला नाही, रँडचाही नाही. ज्या वस्तू सरकारला सापडल्या त्या खटल्याचा मुद्देमाल झाल्या, आणि मुद्देमाल घरी परत येत नसतो. वाड्याजवळ उरला तो वाडाच. क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने आणि गिरीश प्रभुणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही वास्तू लोकांच्या विस्मरणातून बाहेर काढली, हे श्रेय मोठे आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तेथील राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चौकात समूहशिल्प आहे. २०१८ मध्ये टपाल खात्याने दामोदरांच्या नावे तिकीट काढले. परंतु शिल्प आणि तिकीट या वस्तू स्मृतीच्या असतात, घटनेच्या नसतात. त्या घटनेनंतरच्या पिढ्यांनी घटनेविषयी काय मानले ते सांगतात. हा भेद चिंचवडला पुसट झाला आहे. पुतळ्यातील आवेश पाहणाऱ्याला पुरावा वाटू लागतो. (नावाच्या बाबतीतही एकवाक्यता नाही : चिंचवडला ‘चापेकर’, तर तरुण सावरकरांनी रचलेल्या फटक्याच्या नावात ‘चाफेकर’.)

एकाच हत्येच्या वस्तू दोन गावांत वाटल्या गेल्या की काय होते, याचे बोलके उदाहरण युरोपात सापडते. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला. त्याची मोटार आणि रक्ताळलेला गणवेश व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे. सारायेव्होकडे जागा राहिली. तिथे ऑस्ट्रियाच्या राजवटीने मृतांचे स्मारक उभारले, ते राजवट गेल्यावर काढले गेले. १९३० मध्ये मारेकरी प्रिन्सिपच्या गौरवाची पाटी लागली. १९४१ मध्ये जर्मन सैन्याने ती उपटून हिटलरला नजर केली. पुढे युगोस्लाव्हियाच्या काळात प्रिन्सिप जिथे उभा होता तिथे त्याच्या पावलांचे ठसे बसवले गेले, आणि १९९२ नंतरच्या युद्धात तेही गेले. व्हिएन्नातील मोटार मात्र तशीच उभी आहे. मारल्या गेलेल्याच्या वस्तू टिकतात आणि मारणाऱ्याच्या पाट्या बदलत राहतात, असे यावरून दिसते. चिंचवडच्या स्मारकाची पाटी बदलण्याची शक्यता आज कोणाला दिसत नाही. म्हणूनच तिच्या आधाराची तपासणी शांतपणे करता येते.

शत्रूने जपलेला कागद

वस्तूंच्या दारिद्र्याची भरपाई एका कागदाने केली आहे. दामोदर चापेकरांनी येरवड्याच्या तुरुंगात आपले आत्मवृत्त लिहिले. ते वाड्यात राहिले नाही. ते पोलिसांच्या दप्तरात गेले, त्याचे इंग्रजी भाषांतर मुंबई पोलिसांच्या गोपनीय सारांशांत छापले गेले, आणि १९१८ च्या राजद्रोह समितीने आपल्या अहवालाचा आरंभच चापेकरांपासून केला. १९७४ मध्ये वि. गो. खोबरेकर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते मराठीत प्रसिद्ध केले. ज्या सरकारविरुद्ध हे आयुष्य खर्ची पडले त्याच सरकारने ते सांभाळले. त्याचा हेतू भक्तीचा नव्हता. पुढचा चापेकर ओळखता यावा, एवढाच होता. जो पुरावा म्हणून जपला गेला तोच पाऊणशे वर्षांनी हौतात्म्याचा ग्रंथ झाला.

या आत्मवृत्ताचे वाङ्मयीन मूल्य अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. ते अडचणीचे पुस्तक आहे, आणि त्याचा कस त्या अडचणीतच आहे. हरिभाऊ चापेकर कीर्तनकार. मुले त्यांना कीर्तनात साथ करीत गावोगाव हिंडली. त्यामुळे निवेदनात कीर्तनाच्या आख्यानाची चाल आहे : प्रसंग उभा करायचा, प्रतिपक्षाला हास्यास्पद करायचे, आणि मग आपल्या पक्षाचा विजय सांगायचा. सैन्यात शिरकाव मिळावा म्हणून केलेली धडपड, तरुणांना जमवून केलेली कसरत, मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबर हे सारे तो सारख्याच चवीने सांगतो. त्याच चवीने सुधारकांवर घातलेले हल्लेही सांगतो. इंग्रज आणि सुधारक हे दामोदरांच्या लेखी दोन वेगळे शत्रू नव्हते. धर्म बुडविणाऱ्या एकाच शक्तीची ती दोन तोंडे होती. राष्ट्रीय सभेच्या भाषणबाजीविषयीही त्यांना तुच्छताच आहे. प्लेगच्या झडत्या हे हत्येचे तात्कालिक कारण. परंतु हा तरुण प्लेग येण्यापूर्वीच हाताला काम शोधत होता, हे आत्मवृत्त वाचणाऱ्याला नाकारता येत नाही.

स्मारकातील दामोदर आणि आत्मवृत्तातील दामोदर यांच्यात जे अंतर पडले आहे ते इथे. स्मारकाला प्लेगच्या अत्याचाराने पेटलेला, निर्मळ सूड घेणारा तरुण हवा आहे. आत्मवृत्तातला माणूस त्याहून गुंतागुंतीचा, हट्टी, कधी विनोदी आणि कधी भीतिदायक आहे. पहिला पूजेला सोपा. दुसरा समजून घेण्यासारखा. स्मारकाने दुसऱ्याला आत घेतले तर पहिल्याची उंची कमी होईल, ही भीती निराधार आहे. फाशीचा दोर समोर दिसत असताना एक माणूस आपल्या आयुष्याची नि:संकोच कैफियत लिहितो, यातले धैर्य पुतळ्यात मावणारे नाही.

पडद्यावरील मुद्रणे

घटनेचे ध्वनिमुद्रण नसल्यामुळे ते पुढच्या काळाने तयार केले. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा चित्रपट त्यातील सर्वांत विचारी प्रयत्न होय. दोघेही वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले. काळाची भिंत, दार, दिवा, पेहराव यांविषयीची त्यांची काळजी चित्रपटभर दिसते. कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला हे योग्यच झाले. राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाचाही मिळाला, आणि एका हत्येवरील चित्रपटाला तो मिळावा हा योगायोग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. चित्रपटाचे बळ संयमात आहे. तो चापेकरांना टाळी मिळवून देत नाही. धर्मनिष्ठा, कसरत, कट आणि फितुरी यांची साखळी एका अलिप्त नजरेने मांडतो. सदाशिव अमरापूरकरांचा टिळक त्यात थोडा वेळच दिसतो, पण नेता आणि अनुयायी यांच्यातील संदिग्ध अंतर त्या थोड्या वेळात नेमके उमटते.

२०१९ मध्ये झी फाइव्हवर आलेल्या मालिकेने मात्र आपले नावच ‘गोंद्या आला रे’ असे ठेवले. रँडची गाडी ओळखताच द्यावयाची ही खुणेची हाक. मूळ घटनेतील ऐकू येण्यासारखी एवढीच एक गोष्ट परंपरेने जपली आणि ती आज स्मृतीचे बोधवाक्य झाली आहे. हाक ही शिकाऱ्याची असते. ती ऐकणारा आपोआप झाडीत लपलेल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. चित्रपटाने जी अलिप्तता कष्टाने मिळविली होती ती या शीर्षकाने एका क्षणात सोडून दिली. यात मालिकेचा दोष कमी आणि साधनाचा गुण अधिक आहे. आवाज प्रेक्षकाला बाजू घ्यायला लावतो. कागद तेवढी सक्ती करीत नाही.

याच ठिकाणी एक अप्रिय तुलना टाळता येत नाही. गांधीहत्येच्या खटल्यातील आरोपीच्या न्यायालयीन निवेदनाने मराठी वाचकांत आणि १९९८ मध्ये प्रदीप दळवी यांच्या नाटकाच्या रूपाने मराठी रंगभूमीवर मोठे वादळ उठविले. परकीय सत्तेच्या अधिकाऱ्याचा वध आणि प्रार्थनेला निघालेल्या नि:शस्त्र वृद्धाचा खून यांना एका मापाने मोजणे हा वैचारिक आळस होय. परंतु दोन्हीकडे एक रचना सारखी आहे : मारणाऱ्याची कैफियत ओघवती आणि तर्कशुद्ध आहे. ऐकणाऱ्याला ती एकटीच ऐकवली तर तिचा तर्क त्याला पुरेसा वाटू लागतो. दिल्लीत त्या कैफियतीसमोर रक्ताचे वस्त्र आहे. चिंचवडला चापेकरांच्या कैफियतीसमोर काय आहे?

ज्यांच्या नावाने गोळी झाडली

रँड आणि आयर्स्ट यांच्या वस्तू मांडाव्यात, असे कोणी सुचविणार नाही. चिंचवडच्या संग्रहालयातील खरी उणीव निराळी आहे. ज्यांच्या अपमानाचा सूड म्हणून हा वध सांगितला जातो त्या पुण्यातील सामान्य स्त्रीपुरुषांचा, विशेषतः स्त्रियांचा, एकही आवाज या साऱ्या साधनांत नाही.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये पुण्यात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघरी शिरू लागल्या. स्वयंपाकघर, देवघर, माजघर असा भेद त्यांना नव्हता. पुरुषांप्रमाणे स्त्रियांचीही तपासणी उघड्यावर होई. काखेत, जांघेत गाठ शोधली जाई. संशयितांना रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. घरातील सामान बाहेर काढून जाळले जाई. त्याच दिवसांत, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्या रोगानेच गेल्या. एकाच साथीच्या या दोन स्मृती महाराष्ट्राने इतक्या वेगळ्या खोल्यांत ठेवल्या आहेत की त्यांची तारीख जवळजवळची आहे हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या झडत्यांविषयी चार प्रकारची कागदपत्रे उपलब्ध आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. पहिला कागद खुद्द रँडचा. त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या अहवालाच्या मसुद्यात, स्त्रियांच्या विनयभंगाची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, याबद्दल समाधान व्यक्त केले आहे. दुसरा, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतील तक्रारींचा. तिसरा पंडिता रमाबाईंचा : मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात त्यांनी आपल्या आश्रयाला असलेल्या एका मुलीच्या प्लेग व्यवस्थेत झालेल्या गतीबद्दल जाहीर तक्रार केली, आणि सरकारने ती खोडून काढण्याचा प्रयत्न केला. चौथा गोपाळ कृष्ण गोखले यांचा. गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी स्त्रियांवरील अत्याचाराचे आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये केले. रँडवध नुकताच झालेला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले तेव्हा पुढे येऊन बोलण्यास कोणी तयार नव्हते, आणि ऑगस्टमध्ये त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. ही माफी गोखल्यांच्या चरित्रात वैयक्तिक मानहानीचे प्रकरण म्हणून सांगितली जाते. स्मृतीच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक खोल आहे : घराच्या अब्रूपोटी आणि सरकारच्या धाकापोटी साक्षीदार गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याला सरकारने ‘काही घडलेच नाही’ असे वाचले. पुढे राष्ट्रवाद्यांनी तेच मौन उलट वाचून ‘सर्व काही घडले’ असे ठरविले. दोन्ही वाचनांत स्त्रियांना विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. रँडच्या मसुद्यातील ‘विश्वासार्ह’ हा शब्द आज पुन्हा वाचला म्हणजे तक्रार करणारीवरच विश्वास ठेवण्याची जबाबदारी टाकणारी ती भाषा किती जुनी आहे हे कळते.

चापेकर घरातील स्त्रियांचीही गोष्ट याहून फार निराळी नाही. मुलगे आणि नवरे फासावर गेले. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी कोणते दिवस काढले, याची त्यांच्या स्वतःच्या शब्दांतील नोंद या साधनसंग्रहात नाही. स्मारकात त्या वीरमाता आणि वीरपत्नी म्हणून येतात, म्हणजे नात्याने येतात.

फितुरीच्या बाबतीतही तेच. गणेश शंकर द्रविड आणि रामचंद्र द्रविड या भावांनी पोलिसांना माहिती दिली. वीस हजार रुपयांचे इनाम जाहीर झालेले होते. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी सदाशिव पेठेत त्यांना गोळ्या घातल्या. खुन्या मुरलीधराचे देऊळ त्याच परिसरातले. देवळाचे ते नाव पेशवाईअखेरच्या एका चकमकीशी जोडले जाते, तरी कित्येक पुणेकर ते द्रविडांच्या खुनाशीच लावतात. मारणारे आणि मारले गेलेले इथे एकाच शहरातले, एकाच वर्गातले तरुण होते. रँडवधाच्या आख्यानात हा उत्तरार्ध एका वाक्यात उरकला जातो, कारण त्यात परकीय कोणी नाही.

पिंपरी-चिंचवडच्या आजच्या रहिवाशाला प्लेग ही दूरची कथा वाटते. वाड्यापासून काही किलोमीटरवर पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. तिथे पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले, जे प्लेगवरील परिणामकारक औषधांपैकी एक आहे. आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने महाराष्ट्रात लागू झाला तो १८९७ चाच साथरोग कायदा. या नगरीत कारखान्यांच्या निमित्ताने राज्याराज्यांतून आलेली माणसे राहतात. चापेकर चौक त्यांच्यापैकी अनेकांसाठी बसथांब्याचे नाव आहे. साथीच्या काळात दारावर आलेला सरकारी माणूस, अलगीकरण, बंद झालेला रस्ता हे त्यांनी स्वतः अनुभवले आहे. वाड्याने पुतळ्याआधी त्यांना झडतीचे घर दाखविले तर ते या कथेत लवकर शिरतील.

त्यासाठी नवीन वस्तू मिळविण्याची गरज नाही. रँडचा मसुदा, दामोदरांचे आत्मवृत्त, रमाबाईंचे पत्र, गोखल्यांची माफी हे चारही मजकूर पूर्वीच छापले गेले आहेत आणि अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या प्रतिकृती एका भिंतीवर शेजारी शेजारी, मराठी भाषांतरासह लावता येतील. कोणता कागद कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला, एवढी टीप प्रत्येकाखाली असावी. गोखल्यांच्या मजकुराखाली आणखी एक ओळ लागेल : पुण्याहून ज्यांनी पत्रे पाठविली त्यांची नावे त्यांनी सरकारला सांगितली नाहीत.